दोराचं वरचं टोक

तीव्र उतारावर सगळ्यांनी एका दोरात बांधून घ्यावं, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. कातळ असो, घसाऱ्याची नाळ असो की बर्फाचा उतार, दोर कमरेला असला की माणूस एकटा राहत नाही, आणि एकटा नसलेला माणूस सावरला जातो, अशी माझी पक्की धारणा होती. नव्या मुलामुलींना घेऊन घाटवाटा उतरताना मी हेच सांगायचे. आज सांगत नाही. दोर एखाद्या भक्कम जागी अडकवलेला नसेल, तर दोन माणसांनी एकमेकांना बांधून घेऊ नये, असं आता सांगते. हे बोलणं मला जड जातं. दोर सोडायला सांगणारी बाई ऐकणाऱ्यांना निष्ठुर वाटते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून हा बदल कसा झाला ते लिहून ठेवते आहे.

मी सोलापूरची. आमच्या शहराला डोंगर नाही. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंची आहे, पण सगळं पठारच. किल्ला म्हणावा तर सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट. जरा लांब गेलं की नळदुर्ग आणि परांडा, तेही भुईकोटच. कड्याला हात लावायचा तर रात्रीच्या गाडीने पुणं गाठायचं आणि तिथून पुढे वेल्ह्याला, महाडला नाहीतर इगतपुरीकडे जायचं. पुण्याची मुलं दर रविवारी सिंहगड चढतात. आमच्या मुलांना कातळ क्वचितच भेटतो. तरी ओढ कमी नाही. आमच्या सोलापूरच्या आनंद बनसोडेंनी २०१२ साली एव्हरेस्ट सर केलं, आणि अजूनही माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडी ते नाव असतं.

डोंगर लांब असल्यामुळे आमच्याकडे शिकवणं उलट्या क्रमाने चालतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या खांबाला दोर बांधून आधी आठाची गाठ, मग प्रुसिकची गाठ, हार्नेस कसा चढवायचा, कॅराबिनरचा स्क्रू फिरवला की नाही हे दोनदा का बघायचं, डिसेंडरमधून दोर कसा ओवायचा. डोंगर त्यानंतर. दोराची ओळख अशी आधी झाल्यामुळे कड्यावर भीती वाटली की हात पहिल्यांदा दोराकडे जातो. माझाही जायचा. आणि गच्चीवरच्या सरावात एक गोष्ट कधी लक्षातच येत नाही. तिथे दोराचं वरचं टोक कायम भक्कम असतं. टाकीचा खांब हलत नाही. त्यामुळे वरच्या टोकाचा विचार करायची सवयच लागत नाही; सगळं लक्ष आपल्या कमरेच्या गाठीवर असतं.

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींनीही मला तेच शिकवलं होतं, असं आता वाटतं. आपल्याकडे कडा आणि दोर यांच्या दोन गोष्टी प्रत्येक मुलाला माहीत असतात. एक हिरकणीची. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, आणि ती गवळण दोराशिवाय कडा उतरून गेली. दुसरी सिंहगडाची, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची. तानाजी मालुसरे आणि मावळे दोराने कडा चढले, आणि तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले तेव्हा सूर्याजीने दोर कापल्याचं सांगून त्यांना पुन्हा लढायला उभं केलं. त्या गोष्टीत दोर घेऊन कडा चढणाऱ्या घोरपडीचं नाव आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पण कुणी तरी आधी वर गेलं असणार, अंधारात चाचपून एखादा खडक नाहीतर झाडाचा बुंधा शोधला असणार, दोर त्याला आवळला असणार आणि मगच खालच्यांनी त्यावर भार टाकला असणार. त्या माणसाबद्दल मला शाळेत कुणी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

सह्याद्रीत घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या काही वाटा नाळेतून जातात. दोन कड्यांच्या मधली अरुंद घळ, वर उभे कातळ, पायाखाली डुगडुगणारे धोंडे आणि घसारा. मोहरीच्या पठारावरून उतरणारी बोराट्याची नाळ तशीच आहे. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागे रायगड. काही अंतर उतरल्यावर लिंगाण्याच्या खिंडीकडे जायला कातळाला बिलगून आडवं जावं लागतं आणि तिथे दृष्टिभय चांगलंच जाणवतं. अशा जागी मी सहा-सात जणांना एका दोरात ओवायचे. सगळ्यांत पुढे एक अनुभवी, शेवटी मी. मधल्या मुलांच्या चेहऱ्यावरची भीती दोर कमरेला बसताच कमी झालेली दिसायची. ते बघून मला वाटायचं, काम झालं. कुणी घसरला तर आपण सगळे मिळून धरू.

हा विश्वास पहिल्यांदा हलला तो हिमालयात. प्रशिक्षणात बर्फाच्या उतारावर आमच्याकडून एक सराव करून घेतला. खाली लांबवर सपाट बर्फ, त्यामुळे घसरलं तरी इजा व्हायची नाही, अशी जागा निवडलेली. दोघं दोघं एका दोरात. वरच्याने मुद्दाम बसकण मारून घसरायचं, खालच्याने आइस ॲक्स बर्फात रोवून त्याला थांबवायचं. खालच्याला माहीत असायचं की आता हिसका बसणार. तो पाय रोवून, दात आवळून तयार असायचा. तरी जोडीमागून जोडी खाली गेली. उतार सौम्य होता तिथे काही जणांनी धरलं. जरा तिरपा आणि कडक बर्फ लागला तिथे कुणालाच धरता आलं नाही. मीही गेले. आमच्या सरांनी त्यावर भाषण दिलं नाही. एवढंच म्हणाले, की आता एक बर्फाची मेख ठोका, दोर तिच्यातून घ्या आणि पुन्हा करा. तेव्हा मात्र धरलं गेलं.

यामागचं गणित अवघड नाही, आणि मुलांना मी ते आता कागदावर करून दाखवते. ४५ अंशांच्या कडक बर्फावर घर्षण फार थोडं असतं. १० मीटर घसरेपर्यंत माणसाचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या घरात गेलेला असतो. दोघांमध्ये १० मीटर दोर आहे आणि वरचा घसरला, तर तो खालच्याला ओलांडून आणखी १० मीटर जातो तेव्हा कुठे दोर ताणला जातो. म्हणजे २० मीटरची घसरण आणि ताशी ५५ किलोमीटरहून जास्त वेग. एवढा हिसका टाचांवर उभ्या असलेल्या माणसाने सोसायचा. दोर ताणला जाणारा, डायनॅमिक जातीचा असला तर धक्का थोडा मऊ होतो, पण ज्याला तो बसतो त्याच्या पायाखाली बर्फच असतो.

नंतर गुलमर्गला स्की शिकायला गेले तेव्हा हेच प्रकर्षाने कळलं. मी तिथल्या सोप्या उतारांवरचीच विद्यार्थिनी. पण गोंडोल्याने अफरवटच्या खांद्यावर गेलं की कसलेले स्कीअर कसल्या घळींतून खाली झेपावतात ते दिसतं. बर्फाने भरलेल्या नाळाच त्या. मी साहजिकच विचारलं, की हे लोक एकमेकांना दोर का बांधत नाहीत? पायात स्की असताना माणसाला बर्फावर धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, स्कीची पोलादी कड. बुटाला काटे नाहीत, हातातली काठी म्हणजे आधार नव्हे, आणि वळण घेताना तर क्षणभर ती कडही बर्फातून सुटते. त्या क्षणी कमरेला बाजूने थोडासा जरी ओढा बसला, तरी तो माणूस गेला. म्हणजे दोराने बांधलेला सोबतीच त्याला पाडणार. दोर त्यांच्याकडे असतो, पण पाठपिशवीत. मध्येच खडकाची भिंत आडवी आली तर मेख ठोकून, तिला दोर लावून रॅपल करायचं. घळीच्या तोंडाशी बर्फाचा छज्जा लोंबत असेल तर एकाला वरून पक्क्या आधारावर धरून तो छज्जा तोडायला पुढे सोडायचं. बाकी उतार ज्याचा त्याने, एकेकट्याने, मध्ये अंतर ठेवून उतरायचा.

या काश्मीरशी जोडलेला एक माणूस म्हणजे स्वित्झर्लंडचा सिल्व्हाँ सोदाँ. तीव्र उतारांवरच्या स्कीईंगच्या आद्य पुरुषांपैकी तो एक. १९७७ साली तो नून या ७,१३५ मीटरच्या शिखरावरून स्कीवर उतरला. पुढे स्लोव्हेनियाचा दावो कार्निचार ७ ऑक्टोबर २००० ला एव्हरेस्टच्या माथ्यावरून स्की न काढता बेस कॅम्पपर्यंत आला, आणि २०१८ च्या जुलैत पोलंडचा आंजेय बार्गिएल केटूवरून. अशा उतरणीवर घसरलेल्याला धरायला कुणी नसतं. ही माणसं बेफिकीर होती असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, की आपल्याला नेमकं कशाचा आधार आहे आणि कशाचा नाही, हे त्यांना माझ्याहून फार स्पष्ट दिसत होतं.

तरी माझं मन पुरतं वळलं ते दोन जुन्या दुर्घटना शेजारी ठेवून वाचल्यावर. १४ जुलै १८६५. एडवर्ड व्हिम्परसह सात जण मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर करून उतरत होते, सगळे एका दोरात. हॅडो नावाचा १९ वर्षांचा, फारसा अनुभव नसलेला मुलगा घसरला. तो पुढच्या क्रोवर आदळला. क्रो शामोनीचा नावाजलेला वाटाड्या. मागून हडसन आणि लॉर्ड डग्लस ओढले गेले. डग्लस आणि थोरला पीटर टाउगवाल्डर यांच्या मधला दोर तुटला. चौघं गेले, तिघं वाचले. तो तुटका दोर झेरमाटच्या संग्रहालयात ठेवला आहे. वर्षानुवर्षं लोकांनी चर्चा केली ती दोर तुटला कसा याची. दोघांमधला तो तुकडा बरोबर घेतलेल्यांपैकी सगळ्यांत कमजोर होता हे खरं. पण मी वाचत असताना माझ्या मनात वेगळाच हिशेब चालला होता. दोर भक्कम असता तर कदाचित सातही जण गेले असते. आणि दोर नसताच तर क्रो सोडून बाकीचे दोघं, हडसन आणि डग्लस, त्या क्षणी तरी आपापल्या पायांवर उभे होते.

दुसरी घटना १० ऑगस्ट १९५३ ची, केटूवरची. चार्ल्स ह्यूस्टनची अमेरिकी तुकडी आजारी आर्ट गिल्कीला बांधून खाली उतरवत होती. जॉर्ज बेल घसरला, दोर एकमेकांत अडकले, आणि एकामागून एक पाच जण उतारावरून निघाले. वर पीट शोनिंग गिल्कीला दोराने धरून उभा होता. सगळ्यांचा भार त्याच्या दोरावर आला आणि त्याने तो पेलला. गिर्यारोहणात ही गोष्ट आजही आदराने सांगतात, आणि ती मीही मुलांना डोळ्यांत पाणी आणून सांगायचे: बघा, एका दोराने सहा माणसं वाचवली. मग एकदा तपशील नीट वाचला. शोनिंगने आपला आइस ॲक्स बर्फात गोठलेल्या एका धोंड्यामागे रोवला होता आणि दोर त्याच्यावरून घेतला होता. शोनिंगचं बळ आणि शुद्ध खरीच, पण सहा माणसांचा भार त्या धोंड्यावर होता. मॅटरहॉर्नवर घसरलेल्या चौघांच्या दोराला असा धोंडा नव्हता. त्यांच्या मागे थोरल्या पीटरने दोर एका खडकाला वेढला होता असं सांगतात आणि त्याच्या पुढचाच दोर तुटला.

आमच्या जिल्ह्यात ज्यांनी विहिरीचा गाळ काढला आहे, त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की माणूस दोर धरून आत उतरतो. दोर काठावरच्या लिंबाच्या बुंध्याला बांधतात, दोन वेढे देऊन, आणि उतरणारा स्वतः एकदा ओढून बघतो. काठावर उभ्या असलेल्या भावाच्या कमरेला दोर बांधून कुणी विहिरीत उतरत नाही, भावावर कितीही माया असली तरी.

मायेचाच प्रश्न आहे हा, असं मला वाटतं. माझ्या एका जुन्या ट्रेकसोबत्याचा या बाबतीत माझ्याशी कायमचा वाद आहे. तो म्हणतो, "ताई, तुम्ही फक्त पडल्यावरचा हिशेब करता. पडू नये म्हणून दोर असतो. घाबरलेल्या पोराचे पाय लटपटतात. दोर बांधला की त्याला धीर येतो, धीर आला की पाऊल नीट पडतं." त्याचं म्हणणं मी टाकून देऊ शकत नाही. ते खरं आहे, मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. आल्प्समधले वाटाडे तर पाहुण्याला अगदी आखूड दोरावर, स्वतः कायम वर राहून, दोर सतत ताणलेला ठेवून उतरवतात. पाय सरकला की लगेच, तो वेग घेण्याआधीच रोखायचा, हे त्यातलं तंत्र. पण ते एक वाटाड्या आणि एक-दोन पाहुणे एवढ्यांपुरतं आणि आयुष्यभर तेच काम केलेल्या माणसांचं आहे, आणि तेसुद्धा कड्याची जात बघून दोर खडकामागून घेतात, नाहीतर सोडतात. मी सात जणांची माळ करून शेवटी उभी राहायचे, त्याला ते तंत्र म्हणता येणार नाही. त्या माळेतल्या पोराला येणारा धीर खरा होता, पण ज्या गोष्टीवर तो उभा होता ती तिथे नव्हती. धीर आलेलं पोर पुढचं पाऊल जास्त बिनधास्त टाकतं, हेही मी पाहिलं आहे.

नाळेत दोराचा आणखी एक उपद्रव असतो. तो जमिनीवर घासत जातो आणि घसाऱ्यातले दगड सैल करतो. वरच्या माणसाच्या दोराने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्याकडे जातो, आणि एकत्र बांधलेले असल्यामुळे खालच्याला बाजूलाही होता येत नाही. नाळेत हेल्मेट, दोघांमध्ये अंतर आणि कुणाच्याही थेट वर न थांबणं, यांनी जेवढा जीव वाचतो तेवढा माळेने वाचत नाही.

आता कड्यावर पोचलं की माझं पहिलं काम वर बघणं असतं. बोल्ट असेल तर तो कुणी, कधी मारला, त्याच्याभोवतीचा कातळ तडकला आहे का, हातोडीने ठोकल्यावर आवाज पोकळ येतो का. एका बोल्टवर मी माणूस सोडत नाही. दोन वेगळ्या जागा लागतात आणि भार दोन्हींवर वाटून गेला पाहिजे. झाड असेल तर जिवंत, खोल मुळांचं. कारवीला दोर बांधलेला मी पाहिला आहे, आणि तो बांधणारी माणसं शहाणी होती. घाटमाथ्यावर कारवी इतकी दाट असते की तिच्या भरवशावर चढउतार करायची सवयच लागते. पण सात वर्षांनी एकदा फुलून बी धरल्यावर ती झुडपं मरतात, नुसती वाळकी काडं उभी राहतात, आणि लांबून ती जिवंत कारवीसारखीच दिसतात.

आडव्या दृष्टिभयाच्या जागी दोर दोन्ही टोकांना आणि लांब असेल तर मधेही अडकवून घेते, प्रत्येकाच्या हार्नेसला दोन स्लिंग, आणि एका टप्प्यात एकच माणूस. हरिहरच्या कोरीव पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी जी गर्दी होते तिथे हा एक नियम पाळला तरी पुष्कळ होईल असं मला वाटतं. हातांनी धरायचा एकच दोर आणि त्यावर खालीवर लोंबकळणारी माणसं, यात एकाचा हिसका सगळ्यांना बसतो. रॅपलिंगच्या बाबतीतही माझा जुना सैलपणा गेला. २०२० च्या जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंत गेले. सह्याद्री हयातभर पायाखाली घातलेला माणूस. ती बातमी ऐकल्यावर कितीतरी दिवस मला कुणाला कड्याच्या धारेवर उभं राहिलेलं बघवत नव्हतं. तेव्हापासून धारेपासून काही हातांवर एक रेघ आहे, आणि त्या रेघेच्या पुढे जाणारा प्रत्येक माणूस, मी धरून, आधी आधाराला अडकवलेला असतो.

सपाट हिमनदीवर मात्र मी आजही सगळ्यांना एका दोरात बांधून घ्यायला सांगेन. तिथे धोका वेगळा आहे. बर्फाखाली लपलेल्या भेगेत एक जण पडला, तर बाकीचे सपाटीवर असतात, दोर भेगेच्या काठात रुतून घासतो आणि तिघं मिळून एकाला धरू शकतात. तोच दोर, तीच माणसं. जमीन तिरपी झाली की हिशेब उलटतो. मला हे सांगायला इतकी वर्षं लागली याचं कारण बहुधा हेच, की दोर चांगला की वाईट असा प्रश्न मी विचारत होते आणि त्याला असं उत्तरच नाही.

सगळ्यांत अवघड प्रसंग कड्यावर येत नाही, सोलापुरात येतो. सहलीच्या आधी पालकांची बैठक असते. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विडी कामगार. त्यांनी डोंगर पाहिलेला नसतो, पण एक प्रश्न हमखास असतो: "मॅडम, पोराला दोर बांधून नेणार ना?" पूर्वी मी लगेच हो म्हणायचे आणि त्यांचे चेहरे निवायचे. आता मी दोर घेऊन बसते, खिडकीच्या गजाला बांधते आणि त्यांच्याच हाती दुसरं टोक देऊन ओढायला सांगते. मग तोच दोर त्यांच्या शेजाऱ्याच्या हातात देते. सांगते, की जिथे गजासारखी जागा असेल तिथे तुमचं मूल बांधलेलं असेल. जिथे नसेल तिथे ते मोकळं उतरेल, आणि तेवढा उतार त्याच्या पायांना झेपणार नाही असं मला वाटलं तर आम्ही सगळे त्याच वाटेने वर परत येऊ, कोकणात न उतरता. परतीचं बसभाडं वाया जाईल हेही तेव्हाच सांगून टाकते. काही आईवडील नाव मागे घेतात. मला वाईट वाटतं, कारण त्यांतली कितीतरी मुलं चांगली तयार झाली असती. पण त्यांना खोटा दिलासा देऊन नाव ठेवून घेणं मला आता जमत नाही.